सत्तावीस इंची पडदा आणि मामांची अट

मुक्काम औरंगाबाद, क्रांती चौकाच्या अलीकडं, दुकानाच्या काउंटरवरून
तारीख: नळाला पाणी यायच्या आदला दिवस

तीर्थरूप मुंजाबा मामा यांस,

तुमचा सख्खा भाचा आणि (अजून तरी) जावई रामेश्वर याचा तुमच्या पायांवर डोकं टेकून नमस्कार. भामाबाई मामींना नमस्कार. घरातल्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि हे पत्र तुम्हाला जो कोणी वाचून दाखवत असेल त्यालाही माझा नमस्कार. (तुमच्या घरात वाचता येणारं माणूस सध्या एकच आहे, हे मला ठाऊक आहे. पण नाव घेऊन नमस्कार केला तर पत्र तिथंच मिटून चुलीकडं जाईल अशी भीती वाटली, म्हणून 'जो कोणी' लिहिलंय. वाचणाऱ्या व्यक्तीला एकच विनंती, कंसातला मजकूर मोठ्यानं वाचू नये. वर एक कंस होऊन गेलाय, तो वाचला गेला असेल तर खोकून घ्यावं. मधेच गप का झालीस असं मामांनी विचारलं तर अक्षर लागत नाही म्हणावं. माझं अक्षर बघता त्यांना पटेल.)

तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? पूर्वी आभाळ भरून आलं की दुखायचा, आता आभाळच येत नाही तरी दुखतो असं ऐकलं. तेल चोळणं सोडू नका. मेंढरं कशी आहेत? काळ्या कानाची म्होरकी अजून पुढं चालते का? विहीर तळाला गेली हे कळलं. कडुबा पाटलांनी यंदा रानात मेंढरं बसवायला बोलावलं का? की लेंडीखताच्या बदल्यात द्यायला घरातच दाणे नाहीत म्हणून त्यांनीही तोंड फिरवलं? इकडं शहरात लई काही बरं आहे असं समजू नका. हर्सूलच्या अंगाला, जिथं तुम्ही मला लहानपणी मेंढरांमागं घेऊन आला होता आणि मी उसाच्या फडात चुकलो होतो, तिथं आता कॉलनी झालीय आणि त्याच कॉलनीत मी भाड्यानं राहतो. फड गेला, ऊस गेला, फक्त चुकणं राहिलंय, कारण सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसतात. आणि हो, तुमच्याकडं आठ दिवसांसाठी म्हणून आलेली दोन माणसं, एक थोरलं आणि एक धाकटं, खुशाल असतील अशी आशा आहे. धाकट्या राजनंदिनीला उन्हात करडांमागं पळू देऊ नये. थोरल्या माणसाला मी काही सांगू शकत नाही, ते तुम्हीही लहानपणापासून बघत आला आहात.

फोन सोडून पत्र का लिहिलं, असं तुम्ही म्हणाल. मामा, तुमच्या फोनवर माझा आवाज आला की रेंज जाते. आधी मला खरंच टॉवरचं काही बिघडलंय असं वाटलं. मग टेम्पोवाल्या कचरूच्या फोनवरून लावला तेव्हा रेंज चांगली होती, तुम्ही कचरूला मेंढ्यांचा भावही विचारलात, आणि मी 'मामा' म्हणताच ती गेली. दुसऱ्या एका नंबरवर मी मेसेज पाठवत असतो. ते पोचल्याची खूण येते, वाचल्याची येत नाही. (आज सकाळी एक क्षण तू 'ऑनलाइन' दिसलीस. मी टाइप करायला घेतलं आणि गिऱ्हाईक आलं. गिऱ्हाईक सोडून टाइप केलं तोवर तू गेली होतीस. गिऱ्हाईकाला फक्त पेनड्राइव्हचं टोपण पाहिजे होतं.)

तर मूळ मुद्दा. कचरू इकडं शेळ्या-मेंढ्या घेऊन आला तेव्हा त्याच्या तोंडी तुमचा निरोप मिळाला. निरोपात एक शिवीही होती. ती त्यानं गाळली असं तो म्हणाला, पण गाळण्याआधी सांगितली. तुमचे शब्द असे, "ज्या दिवशी त्याची ती डबडी बाजारात चालतील, त्या दिवशी पोरगी धाडीन. तवर नाय." मी दोन दिवस या निरोपावर विचार केला. तुमची अट रास्त आहे. पोरीच्या बापानं अशीच अट घालावी. पण अट घालणाऱ्याला मालाची आणि बाजाराची पुरती माहिती पाहिजे, नाहीतर न्याय होत नाही. म्हणून मोठ्या पडद्याच्या ऑल-इन-वन कॉम्प्युटरला येत्या काळात काय बाजार आहे, ते मी आज तुम्हाला सविस्तर सांगणार आहे. ऐकून झालं की तुमच्याच मनात येईल की या पोरानं काहीतरी बघूनच हात घातला असणार, आणि तुम्ही लगेच दोन्ही माणसांना गाडीत बसवून द्याल. (मला रात्रीची पोळी करता येत नाही असं नाही. येते. कडक होते एवढंच.)

आधी माल काय आहे ते समजून घ्या. साध्या कॉम्प्युटरचा पसारा मोठा असतो. पडदा एकीकडं, टेबलाखाली लोखंडी पेटी, दोन्हीच्या मधे वायरींचा असा गुंता की केरसुणी घातली की ती अडकूनच राहते. ऑल-इन-वनला पेटीच नसते. जे काही डोकं म्हणून असतं ते सगळं पडद्याच्या पाठीत बसवलेलं. मागून एक वायर येते, बस. पडदा सत्तावीस इंची, म्हणजे आपल्या घराच्या मधल्या खिडकीपेक्षा थोडा मोठा. समोर उभं राहिलं की माणूस आपोआप मागं सरकतो. असा माल आहे. (पेटी आणि पडदा एकच असल्यामुळं त्यातलं एक काही बिघडलं की दोन्ही बंद होतं, ही गोष्ट एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी मला समजावून सांगितली आणि ऑर्डर दिली नाही. त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं. पटलंय असं तोंडावर दिसू नये म्हणून मी त्यांना चहा पाजला.)

आता इतका माल मी एकदम का उचलला, हा तुमचा राग आहे. त्यात दोष असेल तर तो अर्धा तुमचा आहे, मामा, रागवू नका. पुण्याच्या एका डीलरचं गोडाऊन रिकामं होत होतं. मी तिथं दोनच घ्यायचे असं ठरवून गेलो. एक दुकानात लावायला आणि एक विकायला. गोडाऊनमधे ते सगळे भिंतीला टेकून ओळीनं उभे होते, नवे कोरे, तोंडावरचं प्लॅस्टिकही न काढलेले. मी तुमच्याच पद्धतीनं बघितलं, आधी पुढून, मग पाठीवरून हात फिरवून, मग दोन पावलं मागं सरकून सगळ्यांना एका नजरेत. त्यातले दोन बाजूला काढले. तर मागं राहिलेल्यातला एक ओळीबाहेर एकटाच दिसायला लागला. म्हणून तो घेतला. तो घेतल्यावर दुसरीकडं जोडी फुटली. मामा, वैजापूरच्या बाजारात तुम्हीच मला दंडाला धरून शिकवलंत की जोडी फोडायची नाही आणि कळपातलं शेवटचं एकटं मागं सोडायचं नाही, ते चारा खात नाही, नुसतं ओरडत झुरून जातं. ते माझ्या हाडांत बसलंय. मी एकेक करत गेलो आणि शेवटी गोडाऊनमधे मी, डीलर आणि एक पंखा एवढेच उरलो. डीलरनं मला मिठी मारली. दुकानदार गिऱ्हाईकाला मिठी मारत नसतो, हे मला टेम्पो घाट उतरल्यावर सुचलं.

कॉम्प्युटर एकटा राहिला तर ओरडत नाही, हे मला मान्य आहे. पण त्या वेळी कोण एवढा विचार करतो.

दुकान आपलं लहान. तिथं दोन मावले, बाकीची खोकी घरी आली. तुम्ही मागं आला होतात तेव्हा ज्या गोष्टीवर बसला होता तो दिवाण नव्हता. (मामांच्या काठीचं टोक एका खोक्यात गेलं होतं. मी त्यावरची चादर नीट केली. त्या नगाला आता उजव्या कोपऱ्यात हिरवी रेघ येते.) खोक्यांवर चादर टाकली की दिवाण होतो, दोन खोकी एकमेकांवर ठेवली की टेबल होतं, आणि भिंतीला लावून उभी केली की दुसऱ्या खोलीचा उजेड जातो. तेवढ्यासाठी पाण्याचे ड्रम तात्पुरते गच्चीवर न्यावे लागले. त्यावरून घरात एक किरकोळ गैरसमज झाला आणि हवापालट म्हणून दोन माणसं तुमच्याकडं आली. यापेक्षा जास्त काही नाही.

(खरं काय ते तुला माहीत आहे, पण मी कबूल केलेलं तुला माहीत नाही, म्हणून लिहितो. कितीतरी दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. ड्रम गच्चीवर, मोटर बंद, घरात दोन बादल्या आणि एक कुकर. तू मला हाका मारत होतीस. मी जालन्याच्या एका गिऱ्हाईकाशी फोनवर मोठ्या पडद्याच्या भवितव्याबद्दल बोलत होतो, आणि मी तुला नुसता हात वर करून 'थांब' अशी खूण केली. पाणी थांबलं नाही. गल्लीभर वाहून गेलं. शेजारच्यांनी आपल्या दारातून आपलंच पाणी त्यांच्या तुळशीला वळवलं. तू ओरडली नाहीस. खोक्यांकडं बघून म्हणालीस, "ह्यांच्यात पाणी तरी भरता आलं असतं, तर रोज हळदकुंकू वाहिलं असतं मी." जालन्याच्या गिऱ्हाईकानं ते ऐकलं आणि फोन ठेवून दिला. मला तुझं बोलणं लागलं नाही. मला माझा तो हात लागला. माणसाला हात दाखवून थांबवतात का कुठं? मेंढराला तरी शीळ घालतात.)

असो. आता बाजाराकडं येऊ.

लोक म्हणतात, मोबाईल आल्यावर मोठ्या पडद्याला कोण विचारतं. विचार न करणारेच असं म्हणतात. मोबाईलमुळं काय होतंय? डोळे जातायत. निराला बाजारपासून टीव्ही सेंटरपर्यंत चष्म्याची दुकानं किती वाढली बघा. आज जी पोरं हातभर अंतरावर मोबाईल धरून बसलीत, ती काही वर्षांनी आपलीच अंगठी ओळखू शकणार नाहीत. त्या वेळी त्यांना काय लागेल? मोठा पडदा. म्हणजे मोबाईल आपला वैरी नाही, तो आपल्यासाठी गिऱ्हाईक तयार करतोय, फक्त जरा सावकाश. हा मुद्दा मी बँकेतल्या साहेबांना सांगितला तेव्हा ते स्वतःचा चष्मा पुसायला लागले. (त्यानंतर त्यांनी लॅपटॉप घेतला. दुसरीकडून.)

लॅपटॉपचं म्हणाल तर ती भाडेकरूची वस्तू आहे. उचलली की चालायला लागली. शहर वाढतंय म्हणजे घरं वाढतायत, रोज कुठलं तरी शिवार बिल्डिंग होतंय, बिल्डिंगीत फ्लॅट, फ्लॅटमधे हॉल आणि हॉलमधे एक रिकामी भिंत. त्या भिंतीला काहीतरी पाहिजे. आमच्या शेजारचे बद्रीनाथ अण्णा, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, यांनी हे बरोबर ओळखलं. दुकानात आले, पडद्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि डिशची वायर कुठं लागते विचारलं. मी म्हटलं, अण्णा, हा टीव्ही नव्हे, कॉम्प्युटर आहे. ते म्हणाले, मग हा टीव्ही का नाही? मी कंपनीची पुस्तिका उलटसुलट करून बघितली, त्यातही याचं उत्तर नाही. शेवटी त्यांनी एक तोडगा सुचवला, की पडदा तेवढा द्या आणि ते बटणांचं ताट आणि उंदीर परत ठेवून घ्या, आम्हाला लागत नाही. सौदा तिथंच अडला. पण रस किती आहे ते बघा. तेव्हापासून अण्णा रोज दुपारी येतात आणि बातम्या बघून जातात. बातम्या पाण्याच्याच असतात.

आणि मागणी बघायची असेल तर एकदा स्वतः दुकानासमोर उभे राहा. मी रस्त्याकडं तोंड करून एक पडदा लावलाय, त्यावर कंपनीनं दिलेली एक चित्रफीत दिवसभर चालते. हिरवा डोंगर आणि त्यावरून धो धो कोसळणारा धबधबा. मामा, काय गर्दी होते म्हणून सांगू! रिक्षावाले थांबतात, कॉलेजची पोरं थांबतात, टँकरवाला टँकर उभा करून बघतो. परवा एक आजी आल्या, त्यांनी हे कुठलं गाव म्हणून विचारलं, आणि मला सांगता आलं नाही तर रागावल्या, की माल विकतोस आणि गाव माहीत नाही. समोरचा पानवाला रफीकभाई येऊन म्हणाला, "भाई, आवाज तो बंद कर, सुनसुन के पियास लगरी." मी आवाज बंद केला. इतकी गर्दी आजूबाजूच्या एकाही दुकानाला नाही. आता ही गर्दी आत यायची तेवढी राहिलीय. (दुपारी लाइट जाते तेव्हा धबधबाही बंद होतो आणि सगळे माझ्याकडं असे बघतात की जणू मीच नळ बंद केला.)

सगळ्यात मोठी बातमी शेवटी ठेवली होती. साहेबराव. तुम्ही त्याला ओळखता, त्याच्या वडलांच्या रानात तुम्ही दिवाळीनंतर मेंढरं बसवत होता. त्या रानाचं आता प्लॉटिंग झालंय आणि साहेबराव रस्त्यालगत काचेचं ऑफिस टाकून बसलाय. त्यानं आपला एक पडदा नेला. मामा, तिथं बसवल्यावर काय शोभा आली! पडद्यावर पूर्ण लेआउट, रुंद रस्ते, बाग, बागेत कारंजं. बाहेर जमिनीवर चुन्याच्या चार रेघा आणि एक गाढव. पण पडद्यात बघितलं की माणूस तिथं मनानं राहायलाच जातो. म्हणजे एका पडद्यानं उजाड रानाचं गाव केलं. मला सांगा, या शहराच्या चारी बाजूंना असे किती साहेबराव आहेत? आणि प्रत्येकानं एकेक नेला तर माझ्याकडं माल पुरेल का? मला काळजी लागलीय ती न पुरण्याची. (दुसरी एक काळजी आहे, ती खाली.)

एवढं ऐकल्यावर तुमची खात्री पटली असेल. डबडी चालणार, मामा. बाजार जरा दम काढतोय, एवढंच. पाऊस पडला, लोकांच्या जिवाला जीव आला, की माणसं आधी पडदाच घेतील. तेव्हा अटीचा विचार करून, कचरूचा टेम्पो जेव्हा इकडं येईल तेव्हा त्यात दोन माणसांची जागा करावी ही विनंती. पुढं केबिनमधे बसवावं, मागं मेंढरांचा वास येतो. (तुला वास चालतो, मला माहीत आहे. लग्नानंतर तू पहिल्यांदा माहेराहून आलीस तेव्हा पदराला लोकरीचा वास होता आणि मी तो बरेच दिवस कुणाला सांगितला नाही.) तुम्ही माझे मामा आहात, बापाच्या जागी आहात, भाच्याचं लिहिण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घालावं. मामींना सांगावं की दिलेलं लोणचं संपलं नाही, जपून खातोय.

तुमचा,
रामेश्वर

ता. क. वर साहेबरावाबद्दल लिहिलं, त्यात थोडी भर. त्यानं पडदा परत आणून दिला. झालं असं की मोबाईलवर लेआउट दाखवायचा तेव्हा लोकांना रस्ता आणि बाग तेवढी दिसायची. आपल्या सत्तावीस इंचावर एका मास्तरीण बाईंना त्यांच्या प्लॉटमधून आरपार गेलेली एक बारीक निळी रेघ दिसली. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. साहेबराव डिझाइन आहे म्हणाला. बाईंनी त्याला ती रेघ मोठी करायला लावली, तर तो नाला निघाला. त्यानंतर जो कोणी आला त्यानं आधी नालाच शोधला. साहेबराव पडदा टेबलावर ठेवून म्हणाला, "ह्याच्यात लई दिसतं राव. असला माल ह्या धंद्यात चालत नसतो." मामा, गिऱ्हाईकानं मालाची याहून मोठी तारीफ केलेली मी ऐकलेली नाही. पण तारीफ करून त्यानं तो परत दिला, हे खरं आहे.

ता. क. आणखी एक. घरात आता खोकी नाहीत. दिवाण नाही, टेबल नाही, उजेड आलाय. ड्रम खाली आणून न्हाणीच्या शेजारी लावलेत, घासूनपुसून. उद्याचं पाणी भरायला बद्रीनाथ अण्णांना किल्ली दिलीय. त्यांनी धबधबा न बघता ड्रमकडं बघावं असं बजावलंय. तर ती खोकी कुठं गेली, असं तुम्ही विचाराल. तुमची लोकरीची खोली या वर्षी रिकामी आहे असं कचरू सांगत होता. मोठी विनंती करत नाही, फक्त बाजार वर येईपर्यंत. कचरूचा टेम्पो मेंढ्या उतरवून परत रिकामाच जातो, म्हणून मी खोकी त्यात भरली. तुम्ही हे ऐकत असाल तेव्हा ती तुमच्या दारात असतील. काठी जरा लांब ठेवावी.

ता. क. मामा, टेम्पोत बसून विचार केला. वरचं सगळं लिहिलं ते मी स्वतःलाच पटवण्यासाठी लिहिलं. डबडी चालत नाहीत. बाजार दम काढत नाही, बाजार दुसरीकडं गेलाय. लोकांना खिशात मावणारं पाहिजे, आणि भिंतीवरचं पाहिजे त्यांना टीव्ही पुरतो. उद्यापासून दुकानात मी मोबाईल दुरुस्ती सुरू करणार आहे, काचा फुटलेले फोन रोज येतात आणि मी रोज त्यांना परत पाठवत होतो. तुमच्या अटीप्रमाणं बघितलं तर मी हरलोय. अट मोडा असं मी म्हणत नाही. अट तुमची आहे. पण ज्या माणसासाठी अट घातली त्या माणसाला एकदा विचारा.

ता. क. रत्ना, आता कंस नाही, हे मोठ्यानं वाच. मामांनी ऐकलं तरी चालेल, मामींनीही. आमच्या आबांचं म्हणणं होतं की बायकोला आणायला नवऱ्यानं स्वतः जायचं नसतं, कुणाला तरी धाडायचं, नाहीतर मान जातो. मी कुणाला धाडलं नाही. खोक्यांबरोबर मीही आलोय. हे शेवटचं टेम्पोच्या फळीवर कागद ठेवून लिहिलं आणि सगळं पत्र कचरूच्या हातून आत पाठवलं. मी बाहेर कुंपणापाशी लिंबाखाली उभा आहे. आवाज दिला नाही, कारण तू आतून 'थांबा' म्हणालीस तर ते मला ऐकवणार नाही. आपल्यात दारी आलेल्या माणसाला कोण, कुठला विचारायच्या आधी पाणी देतात. आता तांब्या घेऊन बाहेर कोण येतंय, ते मी बघत राहीन. मामी आल्या तर पाणी पिईन, त्यांच्या पाया पडेन, पोरीला एकदा उचलून घेईन आणि याच टेम्पोनं परत जाईन, कुणाला दोष देणार नाही. तू आलीस तर भरलेला तांब्या आणू नको, विहीर तळाला गेलीय. घोटभरच आण. पण तू आण.